कुणाकडून कुणाकडे

३ मार्च

प्रिय आत्या,

तुला फोन केला की मी ओरडते, तू "काय?" म्हणतेस, मी आणखी ओरडते, आणि मग शेजारच्या बाई दार उघडून बघतात की आमच्याकडे भांडण लागलं की काय. त्यापेक्षा पत्र बरं. कागदाला डावा कान नसतो.

आधी तब्येत, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. पाचवा महिना परवा पुरा होतो. उलट्या थांबल्या आहेत, भूक मात्र थांबत नाही. मी जरा टेकले की बाळ पाय झाडायला लागतं. तुझे जावई दिवसभर दुकानात बसून लोकांची घड्याळं वेळेवर आणतात आणि स्वतः जेवायला तासभर उशिरा येतात, त्यात काही फरक नाही. तू ठेवलेलं "घड्याळजी" हे नाव आता दुकानातली माणसंही वापरतात.

आता शाळेची बातमी. माझ्या बालवाडीच्या वर्गात बावीस पोरं. काल त्यातली एक, मी तिला गालफुगी म्हणते, मानेवर चार फोड घेऊन आली. तिच्या आईला वाटलं डास चावले. मी बघितलं आणि म्हटलं, बाई, हे डास नाहीत, या कांजिण्या. मोठ्या बाईंनी लगेच सगळ्या शिक्षिकांना ऑफिसात बोलावून विचारलं, लहानपणी कुणाकुणाला होऊन गेल्यात? सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एकीला आठवेना, दुसरी म्हणाली आईला विचारून सांगते. मी मात्र हात वर केला आणि ऐटीत माझं जुनं आरोग्य-कार्ड काढून दाखवलं. तुझ्या अक्षरात, लाल शाईत: "कांजिण्या – झाल्या." खाली तुझी सही, शाळेच्या परिचारिकेची!

तेव्हा आता फाटकाजवळची छोटी खोली माझ्या ताब्यात. कुणाच्या अंगावर फोड दिसला की पोर माझ्याकडे. आई-बाप न्यायला येईपर्यंत मी त्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगते. पोटामुळे मांडी उरली नाहीये ते सोड. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून निभावलं.

कसं वाटतंय ऐकून? तुझ्या त्या एका ओळीने मला केवढी कामाची केली बघ.

तुझी,
ठमी

*

६ मार्च

ठमे,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

त्या खोलीत बसू नकोस. का, ते सांगते. मी पस्तीस वर्षं शाळेच्या दवाखान्यात काढली, ती काही नुसत्या गुडघ्यांना पट्ट्या बांधण्यात गेली नाहीत.

सर्दी आणि फ्लू यांना जवळीक लागते. कुणी तोंडावर शिंकलं, खोकलं, किंवा नाक पुसलेल्या हाताने दाराची कडी धरली आणि तीच कडी तुम्ही धरून नाकाला हात लावला, की झालं काम. पोट बिघडवणारे विषाणू हातावरून तोंडात जातात, म्हणून मी पोरांच्या नखांमागे लागायचे. कांजिण्यांना एवढीही मेहनत नको. फोडातलं पाणी लागलं तर होतातच, पण नुसतं त्या पोराबरोबर बंद खोलीत बसलं, त्याने श्वास सोडला आणि तुम्ही घेतला, तरी होतात. गोवर तर त्याहून आगाऊ. पोर उठून घरी गेलं तरी गोवर तास-दोन तास त्या हवेत मुक्काम करून असतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. अंगावर पहिला फोड दिसतो, त्याच्या आधी दोन दिवस पोर वाटत सुटलेलं असतं. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत वाटत राहतं. ज्याने घेतलं त्याला दहा दिवस ते तीन आठवडे पत्ताच नसतो. घरात एकाला झाल्या की ज्यांना आधी झालेल्या नाहीत अशा दहांतल्या नऊ जणांना होतात. दहांत नऊ, ठमे. म्हणून तर मी तो फळा ठेवायचे. आठवतो? वर्गाचा नकाशा, प्रत्येक पोराच्या जागी टाचणी. फ्लूला पिवळा दोरा, गालगुंडाला निळा, गोवराला पांढरा, कांजिण्यांना तांबडा. देणाऱ्याच्या टाचणीला गाठ, घेणाऱ्याच्या टाचणीला नुसता फास. सकाळी शाळेत गेलं की पहिला प्रश्न हाच, कुणाकडून कुणाकडे? आमचे हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुम्ही पोलिसांत हव्या होतात.

तर मुद्दा असा. खोली सोड. खिडक्या उघड्या ठेव. आणि दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे, कांजिण्यांची प्रतिकारशक्ती अंगात आहे की नाही ते कळतं. तू म्हणशील, झाल्यात की मला! पण हल्ली गरोदर बायकांनी तपासून घेतलेलं बरं असतं. सगळ्याच करतात. साधी गोष्ट आहे.

घड्याळजींना म्हणावं वेळेवर जेवा.

आत्या

*

९ मार्च

प्रिय आत्या,

तू म्हातारी झालीस का गं? ज्या बाईने स्वतःच्या हाताने "झाल्या" लिहिलं, तीच म्हणते रक्त तपासून घे! अशा वेळी दवाखान्यात काय सांगू, आमच्या आत्याचा स्वतःच्या अक्षरावर विश्वास नाही?

आणि त्या कांजिण्या काय गुपचूप झाल्या होत्या का? आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. धाकटा झाला होता, मला तुझ्याकडे ठेवलं होतं, तिकडे तुझ्या लेकाला, दादाला, कांजिण्या झाल्या, मग मला, आणि तान्ह्या बाळाजवळ मला आणता येईना म्हणून ती माझा फ्रॉक उशाखाली घेऊन झोपायची. फ्रॉकपाशी आली की तिचा आवाज बदलतो. मला स्वतःला ते गुलाबी लोशन आठवतं, आणि दादा माझ्या पाठीवरचे फोड मोजायचा ते.

काल तू मुद्दाम फोन केलास आणि गॅस संपला का विचारून ठेवून दिलास. काय झालं होतं?

इथे आता तीन पोरं झाली. बालवाडीतली पोरं म्हणजे एकमेकांच्या नाकात बोट घालतील इतकी जवळ. मी तुझ्यासारखा फळा केलाय! टाचण्या मिळाल्या, तांबडा दोरा घड्याळजींनी आणून दिला. गालफुगीकडून तिच्या बाकावरच्या दोघांकडे. एक गाठ मात्र सापडत नाही, गालफुगीला कुणी दिल्या? तुझा जुना फळा असेल तर पाठव ना. आमच्या मोठ्या बाईंना दाखवायचाय.

शुक्रवारी त्यातला एक माझ्या खांद्यावर झोपला. पोर तापलं की कसं जड होतं नाही? बाळही आत गप्प होतं. दोघं एकदम झोपलेले आणि मी मधे, पाय बधिर झाला तरी उठले नाही. छान वाटत होतं.

ठमी

*

११ मार्च, कुरिअरने

ठमे,

हे पत्र तुला उद्या दुपारपर्यंत मिळेल. त्याआधी सकाळी घड्याळजी तुला दवाखान्यात घेऊन जातील. आत्ताच मी त्यांना दुकानात फोन केला. कानामुळे मला त्यांचं काही ऐकू आलं नाही, पण माझं त्यांना नीट ऐकू गेलं. त्यांना एवढंच सांगितलं, ठमीला कांजिण्या झालेल्या नाहीत, उद्या रक्त तपासायला न्या, शाळेत पाठवू नका. का, ते पत्रात लिहिते म्हटलं. त्या दिवशी तुला हे सांगायलाच फोन केला होता आणि गॅसचं विचारून ठेवला. तुझा आवाज इतका आनंदी होता की मला सांगवलं नाही.

आधी कामाचं. ती गालफुगी दोन तारखेला आली. आज नववा दिवस. अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर एक इंजेक्शन असतं, तयार प्रतिपिंडांचं. ते दहा दिवसांच्या आत दिलेलं बरं. म्हणून उद्या, परवा नको. कांजिण्यांची लस असते, पण ती या दिवसांत देत नाहीत, कुणी देतो म्हटलं तर घेऊ नकोस. मोठ्या माणसाला, त्यात पोटुशी बाईला, या पोरांच्या आजाराने फुप्फुसांचा त्रास होऊ शकतो. घाबरवत नाही. होईलच असं नाही. पण मी बाजूला बसून बघत राहू शकत नाही.

आता बाकीचं.

तुला कांजिण्या झाल्या नव्हत्या. मी काढल्या होत्या.

तू साडेपाच वर्षांची होतीस. तुझे काका, माझे यजमान, जाऊन चार महिने झाले होते आणि त्या दिवसापासून दादा बोलत नव्हता. हं, नाही, मान हलवणं, संपलं. नऊ वर्षांचं पोर. तू आलीस आणि तू काय, भिंतीशीही बोलशील. त्याला कांजिण्या झाल्या तेव्हा तुला मी दुसऱ्या खोलीत ठेवलं तर तू दाराखालून त्याच्याशी बोलायचीस. मग तुला हटवणं मीच सोडलं. तू त्याच्या उशाशी बसून त्याला खोट्या बातम्या सांगायचीस, रस्त्यावर हत्ती आला होता म्हणून. एक दिवस आतून त्याचं हसू ऐकू आलं. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसले.

तुझ्या बाबांना मी सांगितलं होतं, दादाची शेवटची खपली धरल्यापासून एकवीस दिवस थांबा, ठमीला काही झालं नाही तर न्या. घरात तान्हं बाळ होतं, ते बरोबरच होतं. वीस दिवस गेले. तुझ्या अंगावर एक पुटकुळी नाही. एकविसाव्या दिवशी बाबा येणार. विसाव्या दिवशी सकाळी दादा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ठमी उद्या जाणार का? नको ना जाऊ देऊस." चार महिन्यांत माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं पुरं वाक्य.

दुपारी तू झोपलीस. मी रजिस्टरची लाल शाई घेतली, काडीला कापूस गुंडाळला आणि काढले. पोटावर सहा, पाठीवर पाच, मानेवर दोन, गालावर एक. चौदा. वरून गुलाबी लोशन लावलं. जन्मभर खरे बघितलेला हात, हुबेहूब झाले. मग भावाला फोन केला. फोन वहिनीने घेतला. ती रडली. मी तिला धीर दिला, ठमे. मी.

तुझं जाणं आणखी तीन आठवडे पुढे गेलं. मग सगळं रीतसर केलं. वहीत लिहिलं, कार्डावर लिहिलं, आणि दादाच्या वर्गाच्या फळ्यावर नकाशाच्या बाहेर कडेला तुझी टाचणी टोचून दादाकडून तुझ्याकडे तांबडा दोरा बांधला. त्या फळ्यावर मी कधी अंदाजाने गाठ मारली नव्हती. पोरांना दोन-दोनदा विचारून बांधायचे. तो एकच दोरा खोटा.

वाटलं होतं, यात कुणाचं काय जातं, वर्षभरात शाळेत होतीलच तुला खऱ्या. झाल्या नाहीत. तुझं लग्न झालं तेव्हा सांगायला हवं होतं. दिवस राहिल्याचं कळवलंस त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सहा तारखेचं पत्र लिहायला बसले तेही हेच सांगायला, आणि तुला विषाणूंचा धडा शिकवून पाकीट बंद केलं. मला भीती वाटली. तू कार्ड दाखवून हात वर केलास ना, ते वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रागाव. पण आधी रक्त दे.

आत्या

*

१३ मार्च

आत्या,

पत्र मिळालं. काल सकाळीच रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी तातडीचं म्हणून पाठवलंय, उद्या कळेल. इंजेक्शन त्यांनी मागवून ठेवलंय, एक-दोन दिवस पुढे गेलं तरी देता येईल म्हणाल्या. शाळेला मी सुट्टी घेतली आहे. खोकला, ताप काही नाही.

आई तीन आठवडे फ्रॉक घेऊन झोपत होती, आणि मी हे कालपर्यंत हसत-हसत सांगत होते.

आत्ता यापुढे लिहिता येत नाही.

*

१५ मार्च

ठमे,

तुझं पत्र बरोबर आहे. त्यात एकही शब्द जास्त नाही आणि मी आणखी मागत नाही.

तू फळा मागितला होतास. माळ्यावरून काढला, पुसला, आज सामानवाल्याकडे दिला. त्या एकाच वर्षाचा मी घरी आणून ठेवलाय, बाकीचे शाळेत उरले नाहीत. तीन टाचण्या गंजल्यात, दोरे शाबूत आहेत. दादाच्या टाचणीपासून तुझ्या टाचणीपर्यंतचा दोरा मी कात्रीने कापला आहे. मोठ्या बाईंना दाखवायचाय म्हणालीस, तर त्यावर खोटं नको. गाठ मात्र दादाच्या टाचणीला राहिली आहे. फार घट्ट बसली आहे, निघाली नाही.

वहिनीला मी स्वतः लिहिते आहे. चार कागद फाडून झाले. तू आधी सांगितलंस तरी चालेल, तुला हक्क आहे.

रिपोर्टचं एका ओळीत कळव, किंवा घड्याळजींना कळवायला सांग. दाराची बेल मला ऐकू येत नाही म्हणून मी पोस्टमनच्या वेळेला दाराशीच खुर्ची टाकून बसते.

आत्या

*

१८ मार्च

प्रिय आत्या,

मी ठीक आहे. बाळ ठीक आहे. हे वाचून झालं असेल तर दाराशी आरामात मागे टेकून बस, कारण पुढचं लांब आहे.

रिपोर्ट चौदा तारखेलाच आला. घड्याळजींनी तुला फोन केला, तू "काय? काय?" म्हणालीस आणि ठेवून दिलास म्हणे. मग मीच म्हटलं, राहू दे, मी लिहीन. चार दिवस लिहिलं नाही. मुद्दाम. थोडं तुलाही बसू दे म्हटलं. आता त्याचं वाईट वाटतंय, तेव्हा आपली फिटंफाट.

रिपोर्टात काय आहे माहीत आहे? कांजिण्यांची प्रतिपिंडं. भरपूर. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ही परवाच्या पोरांकडून आली असतील. त्या म्हणाल्या, नाही, इतक्या लवकर अशी तयार होत नाहीत, ही जुनी आहेत, तुम्हाला लहानपणी केव्हातरी कांजिण्या होऊन गेल्यात. मी म्हटलं, नाही हो, त्या आमच्या आत्याने लाल शाईने काढल्या होत्या! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की बाळाबरोबर डोकंही तपासायला पाठवतात की काय वाटलं. इंजेक्शन परत गेलं.

घरी आलो तर घड्याळजी म्हणाले, झाल्या असतील तर कुठेतरी व्रण असेल. मग त्यांनी ते डोळ्याला लावायचं भिंग आणलं, मला खिडकीत बसवलं आणि घड्याळ उघडल्यासारखं माझं अंग तपासायला घेतलं. तुझं पत्र बाजूला ठेवून. पोटावर सहा, काही नाही. पोटाचा आता घुमट झालाय, त्यावर काय दिसणार म्हणा. पाठीवर पाच, काही नाही. मान, गाल, काही नाही. मी म्हटलं, पुरे, जेवायला चला, आज वेळेवर आहात तर. तेवढ्यात माझ्या केसांत बोट घालून ते थांबले. उजव्या कानामागे, केसांच्या आत, एक गोल खळगा. मग भांगाजवळ आणखी एक. मसुराच्या दाण्याएवढे, गुळगुळीत, तिथे केस नाही. मला इतकी वर्षं माहीतच नव्हते.

आणि मग मला फणी आठवली. आत्या, तुला आठवते का? मला डोक्यात सारखं खाजत होतं. तू बघायच्या आधी मी खाजवून रक्त काढलं होतं. तू म्हणालीस, शाळेतली पोरं येतात घरी, उवा झाल्या असतील, आणि ती बारीक फणी घेऊन मला उन्हात पायरीवर बसवलंस. सकाळ-संध्याकाळ विंचरायचीस. ऊ एकही निघाली नाही. तू म्हणालीस, लबाड आहेत, लपल्यात. ते तू मला रंगवायच्या आधीचं की नंतरचं? माझ्या आठवणीत दादाच्या खपल्या तेव्हा पडत होत्या, तो त्या काडेपेटीत जमवत होता.

आता माझी पाळी. मलाही काही सांगायचंय, आणि हे मी घड्याळजींनाही सांगितलं नव्हतं.

तू काढलेले मी खरेच समजत होते. पण ओल्या फडक्याने अंग पुसलं की ते फिके व्हायचे. मला वाटलं, बरे होतायत. बरे झाले की बाबा येणार. मग मी दादाच्या दप्तरातला लाल स्केचपेन घेतला आणि पायांवर काढले. सहा. माझा हात पाठीवर पोचत नव्हता. तू दुसऱ्या दिवशी मोजलेस आणि म्हणालीस, वीस? मग गप्प झालीस आणि परत मोजलेस. मला वाटलं सापडले. आज कळलं की तू का गप्प झालीस!

म्हणजे चौदा तुझे, सहा माझे. आणि केसांतले दोन आपल्या दोघींचेही नाहीत.

काल आईला जाऊन सगळं सांगितलं. तिने मला दोनदा परत सांगायला लावलं, मग म्हणाली, "येऊ दे मला तिच्याकडे. चांगली भांडते." रडली थोडी. फ्रॉकचं बोलली. शनिवारी ती तुझ्याकडे येतेय भांडायला. मोठी बॅग काढली आहे आणि तुझ्याकडे हल्ली जास्तीचं पांघरूण आहे का विचारत होती, तेव्हा किती दिवस भांडणार आहे ते तूच ताड. तू लिहिणार असलेलं पत्र लिहू नकोस. समोरासमोर सांग, तिच्या बाजूला तुझा उजवा कान ठेवून.

दादाला फोन केला. तो लिलावातून बाहेर येऊन बोलला, मागे कुणीतरी कपाटाची बोली लावत होतं. तुझं ते "नको ना जाऊ देऊस" त्याला वाचून दाखवलं. त्याला आठवत नव्हतं. दिवसभर लिलाव पुकारून घसा फाडणाऱ्या या माणसाने मागचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, रस्त्यावर हत्ती आला होता ते मात्र मला खरं वाटायचं.

मी रागावले होते. अजून थोडी आहे, आईकडे बघितलं की. पण तुझ्याकडच्या त्या दिवसांतला एकही दिवस मला परत करायचा नाहीये. पायरीवरचं ऊन, तुझ्या गुडघ्यांत अडकलेलं माझं डोकं, दादा मागे बसून मोजतोय. माझ्या लहानपणातलं मला सगळ्यात आवडणारं तेच आहे, आत्या.

फळा आला. कापलेला दोरा टेबलावर ठेवलाय. त्याचं काय करू ते सांग.

तुझी,
ठमी

*

२१ मार्च

ठमे,

तुझं पत्र दाराशीच उघडलं. पोस्टमन बिचारा थांबला, त्याला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. मी त्याला म्हटलं, जा बाबा, बाई खुशीत रडतेय.

फणी आधीची. शाईच्या दहा-बारा दिवस आधीची. वही काढून बघितलं, मी लिहिलंय, "ठमी, डोके, उवा? फणी." उवांपुढे प्रश्नचिन्ह. दादाला होऊन दोन आठवडे झाले होते, म्हणजे अगदी जेव्हा तुला व्हायला हव्या तेव्हाच. कधी कधी दोन-चार फोडांवर भागतं, तेही केसांत. दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या डोक्यात हे दिसलं असतं तर मी लांबून ओळखलं असतं. दहांतल्या नऊ जणांना होतात हे तुला मीच लिहून पाठवलं. तू त्याच्या उशाशी वीस दिवस बसलीस आणि मी तुला खुशाल दहावी धरून बसले. लोकांच्या पोरांचे दोरे जुळवण्यात जन्म गेला आणि घरातला दिसला नाही, कारण मी तुला रोज सकाळी "हिला काही होऊ नये" म्हणून बघत होते, आणि एकविसावा दिवस जवळ आला तसं "व्हावं" म्हणून. नीट कधी बघितलंच नाही.

यात मी सुटले असं समजत नाही. खोटं ते खोटंच, ते खरं निघालं हे माझं नशीब. वहिनीपुढे मी तेच म्हणणार आहे. पांघरूण उन्हात टाकलंय. तिला आवडतो तसा चहाही आणलाय. भांडण आज दुपारपासून सुरू होईल.

सहा पायांवरचे! अगं, तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की मोजताना मीच चुकले. तुझं अक्षर चांगलं नव्हतं पण फोड बरे काढले होतेस.

दोरा बांध. गाठ दादाच्या टाचणीला आहेच, त्यालाच पुढे जोड आणि फास तुझ्या टाचणीत घाल. जोडलेलं दिसलं तर दिसू दे. मोठ्या बाईंना जे खरं ते सांग. आणि तिच्या बाकावरच्या दोघांना गालफुगीने दिलेल्या नाहीत, आठवड्याभरात होत नाहीत, तिघांना एकाच ठिकाणाहून आल्या असणार. गालफुगीला कुणी दिल्या ते शोधायचं असेल तर तिच्या घरी आजी-आजोबांपैकी कुणाला नागीण उठली होती का विचार. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू अंगातच झोपून राहतो, म्हातारपणी नागीण होऊन उठतो, आणि त्या फोडांतूनही पोराला कांजिण्या होतात. म्हणजे तुझा तो हरवलेला दोरा घरातून आलेला असायचा. बहुतेक असतो.

आता तू फुप्फुसांची काळजी सोड आणि पाय वर करून बस. खोलीत परत जायचं असेल तर जा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि तापलेलं पोर खांद्यावर झोपलं तर पाय बधिर होईपर्यंत बसू नकोस, कुणाला तरी उचलायला सांग.

बाळ झालं, जरा मोठं झालं, की इकडे घेऊन ये. एकवीस दिवस तरी ठेवून घेईन. या वेळी विचारून.

तुझी,
आत्या